पहिला मान पूर्वपक्षाला

धर्मग्रामाची सभा असो, लग्नघरची ओटी असो किंवा रविवारच्या मिस्सानंतरचे चर्चचे आवार असो. चार माणसांत वाद पेटला की त्याची तऱ्हा सर्वत्र सारखीच दिसते. एकाचे वाक्य पुरते होण्याआधीच दुसऱ्याचे उत्तर तोंडाशी आलेले असते. समोरच्याने नेमके काय म्हटले, असे नंतर विचारले तर धड सांगता येत नाही. आपण त्याला काय सुनावले ते मात्र शब्दन् शब्द आठवते. सभा संपते, चहा होतो आणि ज्या मताने माणसे आली होती त्याच मताने ती घरी परततात. आम्ही स्वतः अशा अनेक सभांत बसलो आहोत, हिरिरीने बोललोही आहोत. तेव्हा हा दोष दुसऱ्यांच्या माथी मारून मोकळे होण्याचा आम्हांस अधिकार नाही.

समोरच्याचे मन वळावे यासाठी आपले म्हणणे कोणत्या क्रमाने मांडावे, हा प्रश्न फार जुना आहे. प्राचीन रोममध्ये त्यावर पाठ्यपुस्तके होती. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील 'हेरेनियससाठी वक्तृत्वशास्त्र' हा लॅटिन ग्रंथ भाषणाचे सहा भाग सांगतो : प्रस्तावना, हकीकत, मुद्द्यांची विभागणी, आपल्या बाजूचे मंडन, विरुद्ध बाजूचे खंडन आणि समारोप. हा क्रम न्यायसभेत घडलेला आहे. वकिलाला खटला जिंकावयाचा असतो. म्हणून तो आधी न्यायाधीशांची मर्जी संपादन करतो, मग आपली बाजू भक्कम करतो आणि विरोधकाचा समाचार पाचव्या स्थानी घेतो. तोवर बिचाऱ्या विरोधकाचे म्हणणे मोकळ्या मनाने ऐकण्याची कोणाची इच्छाच उरलेली नसते. आजही आमची बहुतेक भाषणे, निवेदने आणि वर्तमानपत्रांना धाडलेली पत्रे याच वळणाची असतात.

तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात मात्र एक निराळा क्रम रूढ झाला. त्यात विरोधकाला पाचव्या जागेवरून उठवून पहिल्या जागेवर बसविले होते. संत थॉमस अक्वायनस यांच्या हाती हा क्रम पूर्णत्वास गेला. ख्रिस्तसभेच्या वैचारिक वारशातील हे एक मोठे धन आहे आणि ते आम्ही जवळजवळ विसरून गेलो आहोत. त्याची आठवण जागवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रश्नांची शाळा

या क्रमाची बीजे शतकभर आधी पडली होती. पीटर अबेलार्ड (1079-1142) या तर्कनिपुण पंडितांनी 'होय आणि नाही' या नावाचा एक विलक्षण ग्रंथ रचला. श्रद्धेविषयीचे 158 प्रश्न घेऊन प्रत्येकाखाली त्यांनी ख्रिस्तसभेच्या आचार्यांची परस्परविरोधी वचने ओळीने मांडून ठेवली आणि निर्णय मात्र दिला नाही. आचार्यांचा अधिक्षेप करावा, असा त्यांचा उद्देश नव्हता. शंकेतून शोध सुरू होतो आणि शोधातून सत्य हाती लागते, अशी त्यांची धारणा होती. विद्यार्थ्यांची बुद्धी या विरोधाच्या सहाणेवर घासली जावी, असे त्यांना वाटत होते.

पुढील शंभर वर्षांत ही रीत विद्यापीठाच्या नित्यक्रमाचा भाग झाली. ग्रंथाचे विवरण करणे, वादसभा चालविणे आणि प्रवचन करणे अशी ईशज्ञानाच्या गुरूची तीन कर्तव्ये मानली जात. वादसभेची पद्धत मोठी पाहण्याजोगी होती. गुरू एक प्रश्न जाहीर करीत. ठरल्या दिवशी श्रोत्यांमधून आक्षेप येत. पहिली उत्तरे गुरूंनी द्यावयाची नसत. त्यांचा एखादा प्रौढ शिष्य ती देई आणि गुरू ऐकत बसत. मग दुसऱ्या एखाद्या दिवशी गुरू पुन्हा आसनावर येत, आलेले सर्व आक्षेप नीट लावून घेत, आपला निर्णय सकारण सांगत आणि शेवटी एकेका आक्षेपाला उत्तर देत. आगमनकाळात आणि प्रायश्चित्तकाळात याहूनही कठीण सभा भरत. त्यांत प्रश्नही श्रोत्यांनीच विचारावयाचा आणि तो कोणत्याही विषयावरचा असू शके. गुरूंना आधी तयारी करून येण्याची सोय त्यांत नव्हती.

थॉमस या नगरीत 1245 साली आले. त्यांचा जन्म 1225 च्या सुमारास, रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यान रोक्कासेक्का येथील गढीत झाला. घराणे सरदारी. मुलाने एखाद्या मोठ्या मठाचे अधिपती व्हावे, अशी घरच्यांची मनीषा. मुलगा मात्र भिक्षेवर राहणाऱ्या डॉमिनिकन संघात दाखल झाला. भावांनी त्याला वाटेत पकडून आणले आणि सुमारे वर्षभर घरात अडकवून ठेवले. निश्चय ढळला नाही. पुढे कोलोन येथे संत आल्बर्ट यांच्या हाताखाली शिकताना या धिप्पाड, अबोल विद्यार्थ्याला सोबती 'मुका बैल' म्हणून चिडवीत, असे परंपरा सांगते. मुकाट्याने ऐकून घेण्याची ती सवय पुढे जगाच्या कामी आली. 1256 साली थॉमस पॅरिसला गुरुपदी आरूढ झाले. त्यानंतरच्या तीन वर्षांतील वादसभांतून त्यांचा 'सत्याविषयी' हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात एकेका मुद्द्यावर कधी कधी वीस आक्षेप नोंदविलेले आहेत. लेखकाने आपल्या मताविरुद्धची वीस कारणे आपल्याच हाताने लिहून ठेवावीत, ही गोष्ट आज किती जणांना जमेल?

पाच पायऱ्या

'सुम्मा थिओलॉजिए' या आपल्या महाग्रंथाला थॉमस यांनी 1265 च्या सुमारास रोममध्ये आरंभ केला. तो नवशिक्यांसाठी आहे, असे ते प्रास्ताविकात सांगतात. त्यात पाचशेहून अधिक प्रश्न आणि त्यांखाली अडीच हजारांहून अधिक कलमे आहेत. आणि जवळजवळ प्रत्येक कलम एकाच साच्यातून उतरले आहे. त्या साच्याच्या पाच पायऱ्या आहेत.

पहिली पायरी प्रश्नाची. अमुक गोष्ट आहे की नाही, करावी की करू नये, असा तो नेमका प्रश्न असतो. दुसरी पायरी आक्षेपांची. 'असे दिसते की नाही' अशा शब्दांनी ती सुरू होते आणि लेखक जे सिद्ध करणार आहे त्याच्या विरुद्धची कारणे तिथे क्रमाने येतात. बहुधा तीन, कधी अधिक. तिसरी पायरी अगदी आखूड. 'पण याच्या उलट' असे म्हणून पवित्र शास्त्रातले किंवा एखाद्या आचार्यांचे एक वचन दिले जाते. प्रश्नाला दुसरी बाजूही आहे, एवढेच ते सांगते. चौथ्या पायरीवर लेखक प्रथमच स्वतःच्या आवाजात बोलतो आणि आपला निर्णय कारणांसह देतो. पाचव्या पायरीवर तो मागे वळून पहिल्या आक्षेपाला, दुसऱ्या आक्षेपाला, तिसऱ्या आक्षेपाला अशी एकेक उत्तरे देतो. एकालाही वगळून पुढे जाता येत नाही. कारण आक्षेप वर लिहिलेले आहेत आणि वाचक ते मोजू शकतो.

या साच्याचे बळ पाहावयाचे तर देवाच्या अस्तित्वाविषयीचे कलम काढावे. देव आहे की नाही? येथे थॉमस दोनच आक्षेप घेतात. पण ते दोन पुरेसे आहेत. पहिला असा : परस्परविरुद्ध दोहोंपैकी एक जर अनंत असेल, तर दुसऱ्याला जागाच उरणार नाही. देव म्हणजे अनंत चांगुलपणा. पण जगात वाईट तर आहेच. म्हणून देव नाही. दुसरा असा : सृष्टीतील घडामोडींचा उलगडा निसर्गाच्या तत्त्वांनी होतो आणि माणसांच्या कृतींचा त्यांच्या बुद्धीने व इच्छेने होतो, मग देव मानण्याचे कारण काय?

साडेसातशे वर्षांनंतरच्या नास्तिकाला याहून धारदार शस्त्र क्वचितच सापडेल. आणि पहिला आक्षेप केवळ नास्तिकाचा आहे काय? तान्हे मूल कबरस्तानात ठेवून परतलेल्या आईच्या मनात तो असतो. ती तो बोलून दाखवीत नाही, एवढेच. थॉमस यांनी तो पानाच्या अग्रभागी लिहिला. त्यानंतर देवाच्या अस्तित्वाकडे नेणारे पाच मार्ग सांगितले. मग मागे वळून, संत अगस्तीनच्या आधारे, वाइटातूनही चांगले निर्माण करण्याइतका देव समर्थ आणि चांगला आहे, असे उत्तर दिले. या उत्तराने त्या आईचे अश्रू थांबतील, असा दावा कोणी करणार नाही. पण तिची शंका पाप म्हणून झिडकारलेली नाही. ख्रिस्तसभेच्या श्रेष्ठ आचार्यांनी ती आदराने ऐकून घेतली, असे तिला दिसते. ज्याचे ऐकून घेतले गेले आहे तोच पुढचे ऐकावयास तयार होतो. या सबंध मांडणीचे मर्म हेच.

आपल्याकडील जाणत्या वाचकांना यात काही ओळखीचे वाटले असेल. मीमांसाशास्त्रात कोणत्याही विषयाचा विचार विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय अशा पाच अंगांनी करण्याची रीत आहे. तिथेही विरोधकाचे म्हणणे म्हणजे पूर्वपक्ष आधी येतो आणि तो चांगला मांडता येणे हे पंडिताचे लक्षण समजले जाते. दोन दूरच्या देशांतील विद्वानांनी, एकमेकांच्या शाळेत पाऊल न टाकता, जवळजवळ एकच जिना बांधावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. न्यायशास्त्राने तर चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्य कळावे म्हणून चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे पाडण्यासाठी चालते ती वितंडा. मराठीत 'वितंडवाद' हा शब्द आजही घरोघर टिकून आहे. पहिल्या अर्थाचा 'वाद' मात्र भांडणाच्या अर्थी वापरला जाऊ लागला, हे आमच्या सवयींचेच चित्र नव्हे काय?

कोणाच्या अंगणात?

मांडणीचा क्रम कळला म्हणजे सारे कळले असे नाही. आधार कोणते घ्यावयाचे, याविषयीही थॉमस यांचा कटाक्ष होता. ज्याच्याशी बोलावयाचे तो जे मानतो त्यावरून निघावे, असा त्यांचा नियम. ज्यू धर्मीयांशी बोलताना जुन्या कराराचा आधार चालेल, पाखंडी ख्रिस्ती माणसाशी बोलताना नव्या कराराचा; पण जो या दोहोंपैकी काहीच मानत नाही, त्याच्याशी सर्व माणसांना समान असलेल्या बुद्धीच्या भूमीवरच बोलले पाहिजे. 1270 साली पॅरिसच्या कला शाखेतील काही अध्यापकांशी त्यांचा मानवी बुद्धीच्या स्वरूपाविषयी तीव्र वाद झाला. तेव्हा त्यांनी श्रद्धेची वचने बाजूला ठेवली आणि ज्या तत्त्वज्ञांचा ते अध्यापक हवाला देत त्यांच्याच ग्रंथांवरून उत्तर दिले. विरोधकाच्या अंगणात जाऊन, त्याच्याच पाटावर बसून बोलण्याचे धैर्य त्यांच्या ठायी होते. इब्न सीना आणि इब्न रश्द हे मुस्लिम तत्त्वज्ञ आणि मायमोनिडीझ हे ज्यू आचार्य यांची मते त्यांच्या ग्रंथांत पदोपदी भेटतात. काही ठिकाणी ती खोडली आहेत, पुष्कळ ठिकाणी स्वीकारली आहेत.

प्रायश्चित्तकाळातील एका खुल्या सभेत त्यांना विचारण्यात आले, की गुरूने प्रश्नाचा निकाल अधिकारवचनाने द्यावा की युक्तीने? त्यांच्या उत्तराचा आशय असा : अमुक गोष्ट खरी आहे की नाही, एवढाच संशय असेल तर श्रोत्याला मान्य असलेले अधिकारवचन पुरे. पण ती खरी कशी, हे शिकवावयाचे असेल तर मुळापर्यंत जाणारी कारणेच दिली पाहिजेत. नुसत्या वचनाने निकाल दिला तर शिष्याला गोष्ट खरी असल्याची खात्री पटेल, पण ज्ञान काहीच मिळणार नाही आणि तो रिकामाच परत जाईल. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलाने 'का?' असे विचारल्यावर त्याला गप्प बसविणाऱ्या आम्हा वडीलधाऱ्यांनी हे उत्तर मनावर कोरून घ्यावे.

त्यांच्या उत्तरांची आणखी एक लकब आहे. आक्षेपकाला 'तुझे खोटे आहे' असे ते क्वचितच म्हणतात. शब्दाचे दोन अर्थ ते वेगळे करतात आणि एका अर्थाने आक्षेपकाचे म्हणणे बरोबर आहे, दुसऱ्या अर्थाने ते लागू पडत नाही, असे दाखवितात. त्यामुळे विरोधकाच्या हाती त्याचा सत्याचा वाटा शिल्लक राहतो. 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे' या न्यायाने चालणाऱ्या वादात असा वाटा कोणालाच मिळत नाही.

सांगाडा आणि न्याय

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. वादसभेचा नुसता सांगाडा उभा केला म्हणजे न्याय होतोच असे नाही. थॉमस पॅरिसला येण्यापूर्वी पाच वर्षे, 1240 साली, त्याच नगरीत राजदरबारात ज्यूंच्या तालमूद या ग्रंथावर 'चर्चा' झाली होती. ज्यू आचार्य येहिएल समोर उभे होते. पण आरोप दुसऱ्यांनी ठरविलेले, न्यायाधीश आरोपकर्त्यांच्या पक्षाचे आणि येहिएल यांना दिलेल्या आरोपांची उत्तरे देण्यापुरतीच मुभा. परिणाम ठरलेलाच होता. सुमारे दोन वर्षांनी तालमूदच्या हस्तलिखितांच्या गाड्याच्या गाड्या पॅरिसमध्ये जाळण्यात आल्या. पूर्वपक्ष सभेत हजर होता. त्याला पहिला मान मात्र नव्हता.

याच्या उलट 'सुम्मा'मधील एक कलम पाहा. ज्यू मुलांना आईवडिलांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा द्यावा काय, असा प्रश्न तिथे आहे. आक्षेपांत त्या काळाची भाषा तशीच उतरली आहे : हे लोक राजाचे दास आहेत, तेव्हा त्यांच्या मुलांविषयी राजाला वाटेल ते करता येते, शिवाय मुलावर बापापेक्षा देवाचा हक्क अधिक आहे. हे बोलणारे लोक तेव्हा बलवान होते आणि स्वतःला धर्मनिष्ठ समजत होते. थॉमस यांनी त्यांचे म्हणणे पूर्ण मांडले आणि नंतर निर्णय दिला, की मूल स्वतः विचार करू लागेपर्यंत निसर्गनियमाने ते आईवडिलांच्या छायेत असते. त्यांच्या इच्छेविरुद्ध त्याला बाप्तिस्मा देणे हा अन्याय आहे. दास्य हे राज्याच्या कायद्याचे असते, त्याने निसर्गाचा नियम बुडत नाही.

पण प्रामाणिक इतिहास येथेच थांबू शकत नाही. त्याच ग्रंथात, थोड्याच पानांनंतर, पाखंडी लोकांना सहन करावे काय, असा प्रश्न येतो. तिथे आक्षेपांत संत पौलने तीमथ्याला दिलेला सौम्यतेचा उपदेश आहे. गहू आणि निदण यांचा प्रभू येशूचा दाखलाही आहे : कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या. आणि थॉमस यांचा निर्णय? बोध करूनही जो बदलत नाही त्याला ख्रिस्तसभेने बाहेर काढावे आणि राजसत्तेने देहदंड द्यावा. जिथे गहू उपटला जाण्याचा धोका नाही तिथे निदण उपटण्यास तो दाखला आड येत नाही, असे उत्तर त्यांनी त्या आक्षेपाला दिले आहे.

हे वाचताना मान खाली जाते. थोर संताच्या निर्दोष मांडणीतूनही चुकीचा निर्णय निघू शकतो, हे त्यावरून कळते. मांडणी सत्याची हमी देत नाही. मग तिचा उपयोग काय?

तो उपयोग सात शतकांनंतर दिसला. 7 डिसेंबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयीचे घोषणापत्र प्रसृत केले. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी करता येणार नाही, असे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. प्रभू येशूच्या वर्तनाचा दाखला देताना ते घोषणापत्र गहू आणि निदण यांची आठवण करून देते. थॉमस यांच्या पानावर जो आक्षेप हरला होता, तोच ख्रिस्तसभेच्या मुखातून उत्तर म्हणून उभा राहिला. पुढे 12 मार्च 2000 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये क्षमायाचनेची प्रार्थना केली, तेव्हा सत्याच्या सेवेच्या नावाखाली झालेल्या असहिष्णुतेची कबुलीही तीत होती.

थॉमस यांनी तो आक्षेप गाळला असता, किंवा दुबळा करून मांडला असता, तर त्यांचा निर्णय अधिक ठाशीव दिसला असता. त्यांनी तो त्याच्या पूर्ण बळानिशी लिहून ठेवला. सत्य त्या पानावर होते. फक्त ते उत्तराच्या जागी नव्हते. आम्ही स्वतः कधी चुकत असू, तेव्हा आमची चूक उद्या ज्याच्या आधारे दुरुस्त व्हावयाची, ते आमच्याच कागदावर विरोधकाच्या नावाने जपलेले असावे. पूर्वपक्षाला पहिला मान देण्याचे आमच्या मते हेच सर्वांत मोठे कारण.

वारसा आणि विस्मरण

6 डिसेंबर 1273 रोजी थॉमस यांनी लेखणी खाली ठेवली. 'सुम्मा' अपुरीच राहिली. ल्योंच्या परिषदेस जात असता 7 मार्च 1274 रोजी फोस्सानोव्हाच्या मठात त्यांचे निधन झाले. त्यानंतर बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेस, पॅरिसच्या बिशपांनी 219 विधाने निषिद्ध ठरविली; त्यांतील काही थॉमस यांच्या मतांना भिडणारी होती. जन्मभर इतरांचा पूर्वपक्ष मांडणारा माणूस स्वतःच पूर्वपक्ष झाला! पुढे 1323 साली त्यांना संतपद मिळाले आणि दोन वर्षांनी पॅरिसच्या बिशपांनी तो निषेध त्यांच्यापुरता मागे घेतला.

पोप तेरावे लिओ यांनी 1879 साली परिपत्रक काढून थॉमस यांच्या विचारांचे अध्ययन सर्वत्र पुन्हा सुरू केले. भारतातील भावी धर्मगुरूंसाठी 1893 साली कँडी येथे सेमिनरी स्थापन करणारे पोप तेच. ती सेमिनरी 1955 साली पुण्यास आली. पण दरम्यान एक गोष्ट हरवली होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील लॅटिन पाठ्यपुस्तकांत थॉमस यांचे निष्कर्ष होते, क्रम मात्र बदललेला होता. सिद्धान्त आधी ठळक अक्षरांत, त्याखाली 'विरोधक' म्हणून नावांची त्रोटक यादी, मग पुरावे. विरोधक पुन्हा मागे गेला आणि त्याच्या तोंडचे शब्दही गेले. वादसभेत मात्र एक चांगला नियम टिकून होता : आक्षेपकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत पुन्हा उच्चारल्यावाचून उत्तर द्यावयाचे नाही. एवढा एक नियम आमच्या सभांनी उचलला तरी पुष्कळ होईल.

एक उदाहरण घेऊन पाहू. गावातले जुने चर्च पाडून नवे, मोठे बांधावे काय, हा प्रश्न अनेक धर्मग्रामांत येतो आणि घराघरांत फूट पाडतो. समजा, जुनी वास्तू राखावी असे आमचे मत आहे. तर आमच्या निवेदनाच्या पहिल्या पानावर आमच्या आजोबांच्या आठवणी नकोत. तिथे नव्या चर्चची मागणी करणाऱ्या तरुणाचे म्हणणे हवे : सणाच्या मिस्साला निम्मे लोक बाहेर उन्हात उभे असतात; वृद्धांना पायऱ्या चढवत नाहीत; छप्पर दर पावसाळ्यात गळते आणि दुरुस्तीवर दरवर्षी पैसा जातो; शिवाय मंडळी म्हणजे माणसे, दगडमाती नव्हे. त्या तरुणाने वाचून 'माझे म्हणणे मलाही इतके नीट मांडता आले नसते' असे म्हणावे, इतक्या प्रामाणिकपणे ते लिहिले पाहिजे. मग दुसरी बाजू आहे एवढे सुचवावे; मग आपली कारणे द्यावीत; आणि शेवटी मागे वळून उन्हाचे, पायऱ्यांचे, छपराचे, खर्चाचे एकेक उत्तर द्यावे. कदाचित तिथे पोहोचल्यावर असे ध्यानात येईल, की 'जुने' या शब्दात दोन गोष्टी मिसळल्या होत्या. वेदी आणि दर्शनी भिंत राखता येईल, पण छप्पर आणि पायऱ्या बदलल्याच पाहिजेत. कदाचित असेही ध्यानात येईल, की एका आक्षेपाला आमच्याजवळ उत्तर नाही. तसे झाल्यास निवेदन बदलावे. सभेत हरण्यापेक्षा घरी, टेबलाशी, एकट्याने हरणे केव्हाही बरे. त्यात सत्य जिंकते आणि शेजार टिकतो.

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ही प्रभूची आज्ञा आम्ही अन्नवस्त्राच्या बाबतीत समजून घेतो. शेजाऱ्याच्या मतालाही ती लागू आहे. आपले म्हणणे जसे पूर्ण ऐकले जावे असे वाटते, तसेच त्याचे आधी ऐकावे. जितक्या काळजीने आपली कारणे निवडतो, तितक्याच काळजीने त्याची मांडावीत. पॅरिसच्या त्या अबोल गुरूंनी वादसभेत हेच केले. पुढच्या सभेला जाताना आपण आपल्या मुद्द्यांचा कागद जरूर न्यावा. मात्र त्याची पहिली ओळ समोरच्या माणसाची असावी.